कारिलेटच्या वाटेने: ओलोतचे ज्वालामुखी आणि मोटारी नसलेला रस्ता

स्पेनमधल्या ओलोतला आज रेल्वे नाही. १९११ साली आली, १९६९ साली गेली. दोन रुळांमधलं अंतर अवघं ७५० मिलिमीटर, म्हणजे आपल्या विदर्भातल्या शकुंतला रेल्वेपेक्षाही बारा मिलिमीटरनं कमी. लोक तिला कारिलेट म्हणत आणि 'मनात येईल तेव्हा निघते, जमेल तेव्हा पोचते' अशी तिची थट्टा करत. रूळ उचलले गेले, पण त्यांच्याखालचा भराव, टेकड्यांमधून काढलेले काप, पूल आणि स्थानकांच्या इमारती बऱ्याच ठिकाणी शाबूत राहिल्या. त्याच पट्ट्यावर आता ओलोतपासून जिरोनापर्यंत साधारण ५४ किलोमीटर आणि तशाच एका दुसऱ्या रेल्वेच्या पट्ट्यावर जिरोनापासून सांत फेलिउ दे गीशोल्सच्या समुद्रापर्यंत ३९ किलोमीटरची सायकलवाट आहे. चालणारे, सायकलवाले, क्वचित एखादा घोडेस्वार. मोटार भेटते ती फक्त रस्ता ओलांडताना आणि गावातून जाताना.

हा भाग स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅटलोनियात येतो. तालुक्याचं नाव गारोचा. इथे चाळीसेक ज्वालामुखीचे शंकू आहेत आणि १९८२ पासून या प्रदेशाला कायद्याचं संरक्षण आहे. मात्र ज्वालामुखी म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारा काळा उघडा डोंगर आणि धूर इथे शोधू नका. शंकूंवर ओक आणि बीचची दाट जंगलं आहेत, विवरांत गवत आहे, एका विवरात तर देऊळ आहे. इथला ज्वालामुखी ओळखायचा तो शेताच्या बांधातल्या दगडावरून, पाणी कुठे जिरतं आणि कुठे साचतं त्यावरून, घराच्या भिंतीतल्या छिद्राळ काळ्या चिऱ्यावरून. त्यासाठी सायकलचा वेग अगदी योग्य आहे. मोटारीतून गेलात तर एक हिरवी दरी पाहिल्याचं तेवढं आठवेल.

दिशा ठरवताना रिपोलहून सुरुवात करून समुद्राकडे उतरणं सोयीचं. मोठे चढ पहिल्या टप्प्यात आणि ओलोत सोडल्यावरच्या पहिल्या तासा-दीड तासात संपतात. उलट दिशेनं येणारे भेटतात, पण सामान लादलेल्या सायकलीवर जिरोनाहून ओलोतला चढायचं म्हणजे सुमारे साडेपाचशे मीटर उंची कमवावी लागते आणि जास्त चढाचा तुकडा दिवसाच्या शेवटी येतो.

पहिला दिवस: रिपोल – सांत जोआन – सांतिगोसा खिंड – ओलोत (सुमारे ३० कि.मी.)

बार्सिलोनाहून रिपोलला उपनगरी गाडीची आर-३ ही शाखा येते, साधारण दोन तासांत. गाडीत सायकल चालते, पण गर्दीच्या वेळी दारापाशी उभं राहावं लागतं. या मार्गावर रुळांचं काम निघालं की काही टप्प्यांवर बदली बस सोडतात आणि बसमध्ये न घडी घातलेली सायकल घेतीलच असं नाही. आदल्या दिवशी वेळापत्रक पाहूनच निघा.

रिपोल हे लोखंडाचं गाव. खिळे, कुलपं, बंदुका इथल्या भट्ट्यांत बनत आणि भात्याऐवजी पडत्या पाण्याच्या जोरावर हवा फुंकायची 'कॅटलान भट्टी' युरोपभर माहीत होती. मठाचं बाराव्या शतकातलं कोरीव दार पाहायला अर्धा तास द्या. स्थानकाजवळून 'लोखंड आणि कोळसा' नावाची सायकलवाट सुरू होते. ओगासाच्या खाणींतला कोळसा खाली आणण्यासाठी १८८० साली घातलेल्या रेल्वेचा हा पट्टा. सांत जोआन दे लेस आबादेसेसपर्यंत दहा किलोमीटर डांबरी, तेर नदीच्या काठानं, आणि एवढ्या अंतरात चढ शंभर मीटरही नाही. रेल्वेच्या इंजिनाला चढ सोसत नाही, याचा फायदा सायकलवाल्याला असा मिळतो.

सांत जोआनला पाण्याच्या बाटल्या भरा. मठात १२५१ सालचा लाकडी मूर्तिसमूह आहे: क्रुसावरून येशूला उतरवतानाचा प्रसंग, माणसाएवढ्या मूर्ती. मठाची पहिली प्रमुख एम्मा ही इथल्या सरदाराची मुलगी. दहाव्या शतकात एवढ्या मुलखाचा कारभार एका बाईनं पाहिला, हे गावातले लोक आजही अभिमानानं सांगतात.

यापुढचा तुकडा मात्र रेल्वेचा नाही आणि पूर्ण मोटारमुक्तही नाही. सांतिगोसा खिंड १,०६४ मीटरवर आहे आणि तिच्यावरून ओलोतला जाणारा हा जुना घाटरस्ता. बोगद्यांचा नवा रस्ता झाल्यावर बहुतेक वाहनं तिकडून जातात, त्यामुळे इथे तुरळक गाड्या आणि रविवारी मोटरसायकलवाले. चढ सहाएक किलोमीटर, सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास. पंधरा किलो सामान असेल तर पुढे ३० दातांची आणि मागे ३४ किंवा ३६ दातांची चक्री हवी. फक्त सायकलवाटेसाठी एवढा हलका गिअर लागत नाही, पण या घाटासाठी लागतो. उतार लांब आहे, वळणावळणाचा आहे आणि ऑक्टोबरच्या शेवटी सावलीतल्या वळणांवर ओली पानं पडलेली असतात. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाआधी जोरात दाबा, वळणात सोडा. रिमब्रेक असतील तर मधे एकदा थांबून रिम निवू द्या.

ओलोत साडेचारशे मीटरच्या आत-बाहेर आहे. गावात शिरताना डावी-उजवीकडे दिसणाऱ्या गोल टेकड्या म्हणजे ज्वालामुखीच. त्यांतला मोन्तसाकोपा तर थेट वस्तीत आहे. संध्याकाळी सायकल खोलीवर ठेवून चढून जा, वीस मिनिटं पुरतात. विवराच्या कडेला सांत फ्रान्सेस्कचं छोटं चर्च आणि टेहळणीचे बुरूज, विवराच्या तळाला गवत, आणि कडेवर कुत्र्यांना फिरवणारी निवृत्त मंडळी. त्यातल्या एकांनी ढगांकडे पाहून तिथली म्हण ऐकवली: ओलोतला पाऊस नसेल, तर कुठेच नसेल. रात्री तो पडलाच.

जेवणात 'पतातेस दे ओलोत' मिळतात. बटाट्याच्या दोन चकत्यांमध्ये खिमा भरून, वरून पीठ-अंड्याचं आवरण लावून तळलेल्या. शाकाहारी असाल तर दुकानदाराला खिमा आहे का हे विचारू नका, तो असतोच. त्याऐवजी एस्कालिवादा मागा. निखाऱ्यावर भाजून सोललेलं वांगं आणि ढोबळी मिरची, ऑलिव्ह तेल आणि मीठ. भरिताच्या इतकं जवळचं की सोबत कच्चा कांदा हवासा वाटतो. पावावर लसूण आणि टोमॅटो चोळून तेल घातलेला 'पा अंब तुमाकेत' सगळीकडे मिळतो आणि त्यात फसवणूक नसते.

दुसरा दिवस: फाजेदा, सांता मार्गारिदा, क्रोस्कात, सांता पाउ (सायकल २० कि.मी., पायी १०–११ कि.मी.)

हा दिवस सायकलचा कमी आणि पायांचा जास्त. सामान ओलोतलाच ठेवा. सांता पाउचा रस्ता पकडून चारेक किलोमीटरवर कान सेर्रा हा वाहनतळ येतो आणि इथूनच या संरक्षित ज्वालामुखी उद्यानाची प्रसिद्ध चक्राकार पायवाट सुरू होते. जंगलातल्या पायवाटांवर सायकलला मनाई आहे. पाट्या स्पष्ट आहेत आणि त्या पाळायच्या. मजबूत कुलूप घेऊन जा. शनिवार-रविवारी, त्यातही पानं पिवळी पडायच्या दिवसांत, हा रस्ता मोटारींनी भरतो, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि सकाळी नऊच्या आत पोचा. सायकलचे बूट घालणार असाल तर क्लीट (पायडलमध्ये अडकणारा धातूचा तुकडा) तळव्यात आत बसलेली असू दे. दगडावर धातू घसरतो.

फाजेदा दे'न जोर्दा हे बीचच्या झाडांचं जंगल क्रोस्कातच्या लाव्हावर उभं आहे. या अक्षांशावर बीच साधारण आणखी उंचावर, डोंगराच्या थंड कुशीत वाढतं. इथे ते साडेपाचशे-सहाशे मीटरवर आहे, कारण खालचा लाव्हा भेगाळ आहे, हवा दमट आहे आणि जमीन थंड राहते. एवढा पाऊस पडूनही जंगलात एकही ओढा नाही. पाणी पडतं तिथेच दगडात उतरतं. रात्री तासन्‌तास कोसळून गेल्यावरही सकाळी वाटेवर डबकं नव्हतं, फक्त पानं ओली होती.

जंगलात मधूनमधून दहा-वीस मीटर उंचीचे उंचवटे लागतात. त्यांना तोसोल म्हणतात. लाव्हा पाणथळ जमिनीवरून वाहत गेला, खालच्या पाण्याची वाफ कोंडली आणि तिनं वरचा थर फुगवून फोडला, तेव्हा हे तयार झाले. त्यामुळे वाट सतत वर-खाली होते. नकाशावरची उंची फसवी आहे.

त्याच जंगलात 'ला फाजेदा' नावाच्या सहकारी संस्थेचा दही कारखाना आहे. १९८२ साली क्रिस्तोबाल कोलोन या मानसशास्त्रज्ञानं ती सुरू केली, मनोरुग्णालयातल्या आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांना खरं, पगाराचं काम मिळावं म्हणून. (होय, कोलंबसाचं स्पॅनिश नाव हेच.) आज कॅटलोनियाच्या दुकानांत त्यांचं दही मोठ्या कंपन्यांच्या शेजारी विकलं जातं, आणि लोक ते दयेपोटी घेत नाहीत, चांगलं असतं म्हणून घेतात. कारखाना पाहता येतो, पण वेळ आधी ठरवावी लागते.

पुढे सांता मार्गारिदा. कडेवर चढून पलीकडे उतरलं की समोर परातीसारखं गोल हिरवं कुरण आणि बरोबर मध्यभागी छोटं चर्च. कडेचा घेर सुमारे दोन किलोमीटर. मूळ चर्च पंधराव्या शतकातल्या भूकंपात कोसळलं, आताचं १८६५ सालचं. हे विवर पाहताना मराठी माणसाला लोणार आठवणारच, पण दोघांचा जन्म वेगळा. लोणार उल्कापातानं झालं, बेसाल्टच्या जुन्या थरांना भोक पाडून. सांता मार्गारिदा आतून फुटलं: वर येणाऱ्या तप्त रसाला भूजल भेटलं आणि स्फोट झाला.

तिथून क्रोस्कात जवळच, आणि ही दोन्ही एकाच लांब भेगेवरची भावंडं आहेत. एका ठिकाणी पाण्याशी गाठ पडली म्हणून विवर झालं, दुसऱ्या ठिकाणी कोरडा उद्रेक होऊन शंकू उभा राहिला. क्रोस्कात या भागातल्या सगळ्यांत तरुण ज्वालामुखींपैकी एक आहे, वय बारा ते पंधरा हजार वर्षांच्या आसपास. शंकूची उंची पायथ्यापासून दीडशे मीटरच्या वर. त्याच्या एका बाजूला खाण होती. ज्वालामुखीतून उडालेले हलके छिद्राळ खडे, ज्यांना इथे ग्रेदा म्हणतात, बांधकामासाठी वर्षानुवर्षं ओरबाडले गेले. लोकांनी आंदोलनं केली, खाण थांबली, आणि १९९० च्या दशकात तो काप झाकण्याऐवजी पाहण्यासाठी नीट केला गेला.

हा कापच सगळ्या सहलीतला पाहण्याजोगा ऐवज आहे. समोर उभी भिंत, खाली राखाडी-काळे थर, वर तांबडे. दगड तोच. वरच्या थरांतून गरम वायू बाहेर पडत राहिले आणि लोह गंजलं, म्हणून तांबडं. खडा हातात घेतला तर वजनच लागत नाही. (घेऊन यायचा नाही, संरक्षित क्षेत्र आहे.) सह्याद्रीत वाढलेल्यांना वाटतं, आपणही ज्वालामुखीच्याच खडकावर राहतो, मग असे शंकू आपल्याकडे का नाहीत? दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आणि अत्यंत पातळ. लांबच लांब भेगांतून निघून तो आडवा पसरला, थरावर थर साचले, आणि त्यांना कापत आपले कडे आणि घाट झाले. गारोचातले उद्रेक छोटे, थोडे दिवस चाललेले, खडे हवेत उडवणारे. ते आसपास पडून ढीग झाला आणि शंकू उभा राहिला.

पायवाट कान सेर्राला पूर्ण करून पुन्हा सायकल काढा आणि सांता पाउ गाठा. मध्ययुगीन चौक, एकही कमान दुसरीसारखी नाही. इथली फेसोल ही बारीक पांढरी घेवड्याची जात ज्वालामुखीच्या मातीत पिकते आणि तिला भौगोलिक नावाचं संरक्षण आहे. शरद ऋतूत नवा माल येतो. दुकानातल्या बाईंनी पिशवी बांधता बांधता कृती सांगितली: रात्रभर भिजवा, थंड पाण्यात चढवा, उकळी जोरात फुटू देऊ नका, मीठ शेवटी. साल इतकी पातळ असते की जोरात उकळलं तर दाणे फुटतात. उपाहारगृहात फेसोल बहुतेक वेळा बोतिफारा या डुकराच्या सॉसेजबरोबर येतात आणि ते नको म्हटलं तरी दाणे डुकराच्या चरबीत परतलेले असू शकतात. म्हणून 'मांस नको' एवढ्यावर थांबू नका, 'चरबीही नको' हे वेगळं सांगा.

स्वयंपाकघरं दुपारी एक ते साडेतीनच चालू असतात, दुकानं दीडच्या सुमारास बंद होऊन पाचला उघडतात, आणि सोमवारी बऱ्याच ठिकाणी कुलूप. दुपारी चार वाजता भूक लागणाऱ्यांनी पिशवीत काहीतरी ठेवावं.

तिसरा दिवस: ओलोत – जिरोना (सुमारे ५४ कि.मी.)

ही खरी कारिलेटची वाट. ओलोतहून निघताना हिरव्या-पांढऱ्या पाट्या धरायच्या. गावातून बाहेर पडेपर्यंतची दोन-तीन वळणं थोडी गोंधळाची, त्यानंतर चुकायला जागा नाही.

पाच किलोमीटरच्या आत लेस प्रेसेस आणि त्याच्या आधी बोस्क दे तोस्का. लाव्हाच्या खडबडीत पाठीवर शेती करायची म्हणून एकोणिसाव्या शतकात लोकांनी दगड वेचले, पण ते टाकणार कुठे? मग रचले. वीतभर जमिनीभोवती डोक्याएवढ्या उंच कोरड्या भिंती, मधेच दगडाच्याच झोपड्या, चक्रव्यूहासारख्या अरुंद वाटा. आपल्याकडे माळरानावर दगड वेचून ताली घालतात, त्यामागचं गणित हेच: जमीन मोकळी करायची आणि त्याच दगडानं माती धरून ठेवायची. फरक एवढाच, की इथे दगड इतका निघाला की भिंतींनी शेतापेक्षा जास्त जागा खाल्ली. त्याचा एक भाग आता बाग म्हणून जपला आहे आणि तिच्या प्रवेशाला गंजलेल्या पोलादाच्या उभ्या तिरप्या पट्ट्या आहेत. हे काम ओलोतच्याच आरसीआर या वास्तुरचनाकारांचं. राफाएल आरांदा, कार्मे पिजेम आणि रामोन विलाल्ता या तिघांना २०१७ साली प्रित्झकर पुरस्कार मिळाला आणि त्यांचं कार्यालय अजूनही ओलोतलाच आहे. सायकल बाहेर लावा. आतल्या वाटा हँडलच्या रुंदीला पुरत नाहीत.

त्यानंतर वाल दे'न बास ही सपाट दरी. लाव्हानं फ्लुविया नदी अडवली, मागे तळं साचलं, गाळ भरला, आणि आज त्या गाळावर मका, कुट्टू आणि बटाटे पिकतात. नजरेला सुखद, नाकाला नेहमीच नाही. या तालुक्यात डुकरं आणि गाई भरपूर पाळतात आणि शेणमूत्राचं पातळ खत शेतात फवारतात. वाऱ्याची दिशा वाईट असेल तर जरा दम काढून पुढे सरकायचं.

सांत एस्तेवे दे'न बास सोडल्यावर चढ सुरू होतो तो दे'न बास खिंडीपर्यंत. उंची सुमारे ६२० मीटर. अख्ख्या कारिलेट वाटेतला चढाचा टप्पा हाच, आणि तोही कुठेही दम काढणारा नाही. धुकं बहुतेक दरीतच राहतं आणि खिंडीच्या थोडं आधी ऊन मिळतं. इथून जिरोनापर्यंत उतारच उतार. पण हा उतार पायडल न मारता घरंगळण्याइतका तीव्र नाही. मुरूम ओला असेल तर चाक धरून ठेवतो आणि थोडा जोर लावावाच लागतो.

या मुरमाबद्दल सविस्तर सांगायला हवं. वाटेचा पृष्ठभाग साउलोचा, म्हणजे कुजलेल्या ग्रॅनाइटचा दाबलेला मुरूम. कोरडा असताना डांबराच्या खालोखाल चांगला. पावसानंतर वरचा थर बारीक खरखरीत रबडी होतो आणि ती चेनवर, गिअरच्या चाकांवर, ब्रेकच्या पॅडवर बसते. तासाभरात चेन करकरायला लागते. अशा वेळी वर तेल ओतणं हा सगळ्यांत वाईट उपाय, कारण तेल आणि क्वार्ट्‌झची पूड मिळून पॉलिश पेपरसारखं काम करतात. आधी बाटलीतल्या पाण्यानं चेन धुवा, फडक्यानं कोरडी पुसा, मग प्रत्येक कडीवर एक-एक थेंब तेल, पाच मिनिटं थांबून वरचं पुसून टाका. रिमब्रेकवाल्यांनी पॅडमध्ये रुतलेले कण टोकदार वस्तूनं काढावेत, नाहीतर रिमवर चरे पडतात. डिस्कब्रेक असेल तर पहिल्या ओल्या उतारावर आवाज येतो. तो बहुतेक वेळा धुतल्यावर जातो, पण निघण्याआधीच पॅड दीड मिलिमीटरच्या खाली गेलेले असतील तर बदलूनच निघा.

टायर ३५ ते ४२ मिलिमीटर रुंद, खोल गोट्यांचे नकोत. साधारण ७५ किलोचा माणूस आणि १२ किलो सामान असेल तर ४० मिलिमीटरला मागे ४५ ते ५०, पुढे ४० पीएसआय पुरे. २८ मिलिमीटरच्या रस्त्याच्या टायरवर जाणारे दिसतात, पण ओल्या वळणांवर त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. पंक्चर होतं ते काचेनं कमी, छाटलेल्या काटेरी झुडपांच्या तुकड्यांनी जास्त. मडगार्ड असेल तर टायर आणि मडगार्डमध्ये किमान सहा-सात मिलिमीटर फट ठेवा. ओला मुरूम आणि पानं अडकून चाक घासायला लागतं.

सांत फेलिउ दे पायेरोल्सचं जुनं स्थानक अजून उभं आहे आणि थांबायला हीच जागा बरी. इथल्या परिसरात ओस्तोलेसच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. पंधराव्या शतकात जमीनदारांच्या वेठीला बांधलेल्या कुळांनी बंड केलं, तेव्हा त्यांचा पुढारी फ्रान्सेस्क दे वेर्न्तायात या भागातून लढला. १४८६ साली राजाला त्या जाचक प्रथा रद्द कराव्या लागल्या, अर्थात कुळांनी पैसे मोजल्यावरच. आपल्याकडच्या वाचकाला हा व्यवहार परका वाटणार नाही.

लेस प्लानेसजवळ ब्रुजेंत नदीत डोह आहेत, उन्हाळ्यात पोहणाऱ्यांनी गजबजलेले. पुढे आमेर. भव्य कमानींचा चौक आणि गावाजवळ नैसर्गिक बुडबुड्यांचा खनिज झरा. हे बुडबुडे म्हणजे खोलवरून येणारा कार्बन डायऑक्साइड, आणि तो ज्या भूभ्रंशातून वर येतो तोच १४२७ च्या भूकंपांना कारणीभूत मानला जातो. ओलोत आणि आमेर दोन्ही त्यात उद्ध्वस्त झाली. ज्वालामुखी शांत झाले तरी जमिनीचं काम थांबलेलं नाही.

रस्त्यातल्या नळांबद्दल: प्रत्येक गावात एखादा तरी आहे. 'नो पोताब्ले' म्हणजे पिऊ नका. 'नो त्राक्तादा' म्हणजे प्रक्रिया केलेली नाही. गावातले लोक सर्रास पितात, आपण आपल्या पोटाच्या हिशोबानं ठरवावं.

ला सेयेरापासून तेर नदी पुन्हा सोबतीला येते, तीच जी पहिल्या दिवशी रिपोलला होती. मधल्या टप्प्यात तिच्यावर तीन धरणं आहेत, जिरोना आणि बार्सिलोनाला पाणी तिथून जातं. आंग्लेस, बोनमाती, बेस्कानो अशी गावं येतात. ज्वालामुखीची निशाणी इथे संपते, कापडगिरण्यांची वसाहत आणि वीजनिर्मितीचे कालवे दिसायला लागतात. साल्तपासून पुढे वाट शहराची होते: फाटकं, खांब, मुलं, कुत्र्यांचे लांब पट्टे. घंटी वाजवा, वेग सोडा. रस्ता ओलांडण्याच्या ठिकाणी मधोमध धातूचे खांब आहेत आणि रुंद पॅनियर (चाकाच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या पिशव्या) त्यांना सहज घासतात.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. त्यानंतर सहाच्या आतच अंधारतं. ओलोतहून दहाला निघून सगळीकडे थांबत आलात तर शेवटचे दहा किलोमीटर दिवा लावून करावे लागतात. पुढचा पांढरा, मागचा लाल, दोन्ही चार्ज केलेले हवेत. गावाबाहेर प्रौढांनाही हेल्मेट सक्तीचं आहे, सोळाच्या आतल्यांना सगळीकडे.

चौथा दिवस: जिरोना – सांत फेलिउ दे गीशोल्स (३९ कि.मी.)

जिरोनात व्यावसायिक सायकलपटू राहतात, त्यामुळे दुरुस्तीची दुकानं उत्तम आणि महाग. चेन, पॅड, ट्यूब काय बदलायचं असेल ते इथेच. ओलोतमध्येही दुकानं आहेत, पण सुटे भाग मोजके.

जिरोना ते सांत फेलिउ ही दुसरी कारिलेट, १८९२ सालची. बुचाचा माल बंदरापर्यंत न्यायचा हा तिचा मुख्य धंदा. क्वार्तमध्ये काळी मातीची भांडी करतात, कास्सा दे ला सेल्वाच्या आसपास सोललेल्या सालीचे बुचाचे ओक दिसतात. साल काढल्यावर बुंधा विटकरी लाल होतो आणि पुढची साल निघायला दशकभर थांबावं लागतं. लागोस्तेरापर्यंत हलका चढ, समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास उंचीपर्यंत, मग समुद्रापर्यंत उतार. शेवटचे सहा-सात किलोमीटर इमारतींमधून जातात आणि त्यांचं कौतुक करण्यासारखं फारसं नाही.

परतीसाठी सांत फेलिउहून बस मिळते, पण सायकल घ्यायची की नाही हे डिकीत जागा किती यावर आणि चालकाच्या मर्जीवर ठरतं. पुढचं चाक काढून, चेनवर कापड गुंडाळून, पिशवीत घातलेली सायकल नाकारली जाण्याची शक्यता बरीच कमी. सामान हलकं असेल तर त्याच वाटेनं जिरोनाला परत पायडल मारणं सगळ्यांत बिनघोर. जिरोनाहून बार्सिलोनाला साध्या प्रादेशिक गाडीत सायकल उभी नेता येते. अतिवेगवान गाडीचं तिकीट काढलंत, तर सायकल खोलून पिशवीत भरावी लागेल. अर्धा तास वाचतो, पण पेडल सोडवायला १५ चा पाना किंवा ८ ची ॲलन-की जवळ नसेल तर तोही वाचत नाही.